डाव्या बाजूची गाठ

अव्वा, मला नात झाली. आधी तेवढं सांगून टाकते, कारण बाकीचं सांगायला लागले की हेच राहून जाईल. धाकटीला मुलगी झाली. नाक आपल्या घरातलं, बसकं, आणि डोक्यावर जावळ इतकं दाट की दवाखान्यातली आया म्हणाली, "आजी, ही तर पोटातनंच वेणी घालून आलीया." धाकटी म्हणजे तू बघितली नाहीस ती. तू गेलीस तेव्हा ती माझ्या पोटात होती, आणि तुझी मयत बसवून नेताना बायकांनी मला दारातच धरून ठेवलं होतं, पोटुशीनं पुढं यायचं नाही म्हणून. त्या पोटातल्या पोरीला आता ही दुसरी. पहिला मुलगा लातूरला त्याच्या आज्जीपाशी ठेवून आलीय. रात्रंदिवस तिला त्याची आठवण येते आणि मला ही नवीन सोडून दुसरं काही सुचत नाही. झोपेत हसते. उगीचच. मी म्हणते सटवाई हसवते, जावईबापू म्हणतात पोटात वारा धरलाय. ते शिकलेले आहेत, असेल वारा. पण वाऱ्यानं माणूस असं गोड हसतं होय?

हे मी मराठीत लिहितेय त्याचं तुला हसू येईल. आपण दोघी घरात जन्मभर कानडीत बोललो, मराठी नुसती बाजारापुरती. पण मैंदर्गीच्या शाळेत मला जे काय दोन इयत्ता शिकवलं ते मराठीच. कानडी माझ्या तोंडात आहे, हातात नाही. आणि तू तर अंगठा उठवणारी. म्हणजे मला तुझ्या बोलीत लिहिता येत नाही आणि तुला कुठल्याच बोलीत वाचता येत नाही, मग चुकलं तरी कोण बघतंय. कागद आहे दुकानातला, खाकी, जाड. तुझे जावई, आमचे हे, अजून सात रस्ता चौकाजवळच्या त्याच दुकानात पोती, सुतळी, दोर विकतात. त्यांच्या अंगाला तागाचा वास येतो तो आता अंघोळीनंही जात नाही. पूर्वी मला तो सोसायचा नाही. आता ते आल्याचं मला त्या वासानंच कळतं, चपला वाजायच्या आधी.

तर दुसरी गोष्ट अशी की माझ्या डाव्या थानात गाठ आहे. डॉक्टर छाती म्हणतात, धाकटी 'त्या जागी' म्हणते, तुझ्याशी बोलताना मी थान म्हणते, त्यात काय लाजायचं, तुझंच दूध पिऊन वाढले. गाठ आजची नाही. तुझ्यामागं मोठा दुष्काळ पडला, आम्ही सगळे मिलो, परदेशातनं आलेली तांबडी ज्वारी, खात होतो, भाकरी थापताना तुटायची, तो दुष्काळ सरला आणि पुढच्या पावसाळ्यात कधीतरी मला ती हाताला लागली. हरभऱ्याएवढी. दुखत नव्हती. आणि मला काय वाटलं सांगू? वाटलं ही करडगीनं आली. लहानपणी तू माझ्या गळ्यात लिंग बांधलंस, पुढं लग्नात चांदीची करडगी केलीस त्याला, सुपारीएवढी जाड डबी, ती इतकी वर्षं त्याच जागी लोंबतेय. दळताना, कांडताना, धुणं आपटताना ती बरोबर तिथंच आपटते. विहिरीवर पोहरा ओढून हाताला घट्टे पडतात ना, तसंच हे, एवढाच विचार मी केला. म्हणून मी काय केलं, शिवदाऱ्याची गाठ सोडली, दोरा आखडला, आणि करडगी उजवीकडं सरकवून घेतली. घट्टा जाईल म्हटलं आपोआप. मठातल्या आमच्या अय्यांच्या, जंगमांच्या, बायकोला सहज बोलले तर ती म्हणाली, "व्हय की, मला पण हितं काळं पडलंय बघा," आणि पदर सरकवून दाखवलं. तिचं खरंच नुसतं काळं पडलं होतं. आम्ही दोघी मग चहा प्यालो.

घट्टा काही गेला नाही. मी बघायचंच सोडून दिलं. अंघोळ करताना हात तिकडून वळवून न्यायचे. कामं काय कमी असतात?

ते बाहेर पडलं ते धाकटीमुळं. बाळंत होऊन आली आणि चार-सहा दिवसांतच तिला दूध दाटलं. दगडासारखं. ताप चढला, पोरगी दूध ओढताना ही ओठ चावायची. मला थोरल्याच्या वेळी झालं होतं तेच. तुझ्या स्वयंपाकघरातला तो कोपरा मला दिसतो, चुलीशेजारी, भिंतीला शेंगांची पाटी टेकवलेली. तू एरंडाचं पान निखाऱ्यावर धरतेस, तेलाचा हात फिरवतेस आणि माझ्या उरावर ठेवतेस. मी ओरडते. तू म्हणतेस, "सुम्निर!" गप्प बस म्हणतेस, आणि तोंड दुसरीकडं फिरवून तूच रडतेस. मला वाटलं होतं चुलीचा धूर लागला. तसंच मी हिचं केलं. परसात एरंड नाही आता, सगळी घरं झाली, पलीकडच्या बोळातनं पान मागून आणलं. ही म्हणाली, "आई, ही गाठ जाईल ना गं?" मी म्हटलं, "जाती की. दुधाची गाठ ती, तिला काय हुतंय. ही माझी बघ, कवापास्नं हाय, करडगीनं आलेली. मी मेले का?" आणि तिचा हात धरून माझ्या अंगाला लावला. हसत होते मी, अव्वा. तिला हसवायला गेले होते.

तिनं हात काढलाच नाही.  मग म्हणाली, "आई, ही हलत न्हाई." मी म्हटलं, "मग? घट्टा कुटं हलतोय?" तिनं दुसऱ्या हातानं बगलेत बघितलं. तिथं पण होती, शेंगदाण्याएवढी. ते मला माहीत नव्हतं. संध्याकाळी तिनं वडलांना सांगितलं आणि तिथनं पुढं मी माझी राहिले नाही. सगळे मला कुठंकुठं नेऊ लागले.

आधी गाठीचा एक तुकडा काढून तपासायला पाठवला. मग एक दिवस मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. हे डॉक्टर शहराच्या पूर्व भागातले, तेलुगू घरातले, घरी अजून माग चालतो म्हणतात. मला 'अम्मा' म्हणतात. माणूस भला, पण त्या दिवशी तुझ्या जावयाला म्हणाले, "अम्मांना जरा बाहेर बसवा." मी उठलेच नाही.

"डॉक्टर, गाठ माझ्या अंगात हाय का ह्यांच्या?"

"तुमच्या, अम्मा."

"मग मला सांगा. ह्यांना सांगून काय उपेग? घरी पोचेपर्यंत निम्मं इसरतेत."

तुझे जावई म्हणाले, "बघा, चाळीस वर्सं असंच हाय." डॉक्टर हसले. मग हसणं थांबवून त्यांनी सांगितलं. कॅन्सर. मी तो शब्द ऐकला होता, समोरच्या काकू पुटपुटल्यासारखा बोलतात तो. डॉक्टरांनी तो साधाच उच्चारला, जसा आपण खोकला म्हणतो. मला ते बरं वाटलं.

मग त्यांनी वाटा सांगितल्या. मी जशा ऐकल्या तशा तुला सांगते, काही चुकलं तर चुकलं. एक म्हणजे आख्खी बाजू काढून टाकायची, खालच्या मांसासकट, बगलेतल्या गाठीसकट, पार बरगडीला चामडी लागेल असं. आणि जखम भरली की मिरजेला जाऊन लाईट घ्यायचं. लाईट म्हणजे दिसत नाही असा शेक, यंत्राखाली निजायचं, रोज थोडं, कितीतरी आठवडे. चामडी काळी पडते, अन्न नको होतं, थकवा येतो. दुसरी म्हणजे कापायचंच नाही, नुसतं लाईट. गाठ आक्रसते, पण किती आणि किती दिवस, ते सांगता येत नाही म्हणाले. मी विचारलं, नुसती गाठ तेवढी काढली तर? वांग्यातला किडका भाग कापून बाकीचं आपण भाजीत घालतोच की. ते म्हणाले, "बाहेरच्या देशात काही जण तसं करून बघतायत, अम्मा, मी वाचलंय. पण अजून माझा धीर होत नाही. तुमची बगलेत पण गेलीय." मग मी विचारलं, आणि काहीच नाही केलं तर? त्यांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं. "वाढेल. मग फुटेल. त्रास होईल तुम्हाला." हे सगळं बोलताना तुझ्या जावयांनी खिशातनं सुतळीचा तुकडा काढून त्याला गाठी मारल्या, एकावर एक. त्यांना माहीत पण नव्हतं.

मी म्हटलं, कापल्यावर हात कसा राहील? ते म्हणाले, "डावा हात पूर्वीसारखा नाही होणार. सुजेल. व्यायाम केला तर वेणी घालता येईल, पण जड उचलायचं नाही."

"कुसूला अंघोळ घालता येईल का?"

त्यांना कुसू कळलं नाही. मी म्हटलं, बाळाला.  मग मी तिथंच खुर्चीवर पाय लांब केले, लुगडं सावरलं, आणि दाखवलं त्यांना, असं नडगीवर पालथं घ्यायचं, डाव्या हातानं मान आणि हनुवटी तोलायची, उजव्यानं तांब्या. सगळं वजन डाव्या हातावर. तुझे जावई म्हणाले, "अगं, पाय खाली घे." पण डॉक्टर नीट बघत होते. म्हणाले, "मलाही अशीच घातली असणार कुणीतरी." मग म्हणाले, "तो हात तेवढा भरवशाचा व्हायला वेळ लागेल, अम्मा. तोवर ही पोर बसायला लागेल."

तुला सांगायला नको अंघोळ म्हणजे माझं काय आहे ते. थोरल्याला तू घातलीस, मधल्याला तू घातलीस, मी नुसती पाणी विसणायला. धाकटीच्या वेळी तू नव्हतीस. चुलीवर हंडा तापलेला, ही तीन-चार दिवसांची, आणि मी पाटावर पाय लांब करून बसलेली, आणि माझ्या हाताला काहीच येत नव्हतं. मग डोळे मिटले. तुझे हात आठवले, कुठला आधी, कुठला मग. टाळूवर तेल किती, कानात पाणी जाऊ नये म्हणून अंगठा कुठं. तिथनं पुढं मी किती पोरांना अंघोळ घातली असेल, गल्लीतली पोरं पण माझ्याकडं आणायच्या बायका. साय आणि हरभऱ्याचं पीठ लावून, चोळून, गरम गरम पाणी ओतलं की पोर एकदम सैल सोडतं अंग, जसं सगळं तुमच्यावर टाकून मोकळं झालं. त्या वेळी मला जे वाटतं ते मला दुसऱ्या कशात वाटत नाही. मठात पण नाही, खोटं कशाला बोलू. ही पोर तर अंघोळीत रडतच नाही. डोळे उघडे ठेवून कुठंतरी बघते.

म्हणून मी नाही म्हणाले. तिथल्या तिथं. "नको. कापाकापी नको. माझं सगळं झालंय. पोरांची लगीनं झाली, नातवंडं बघितली, अजून काय पायजे?" डॉक्टर म्हणाले, विचार करा, पण फार दिवस करू नका.

घरी मग जे सुरू झालं ते विचारू नकोस. धाकटी रडते, आणि बाळंतिणीनं रडायचं नाही म्हणून मीच तिला समजावते. भेटायला येणारी प्रत्येक बाई आपल्याबरोबर एक मेलेली बाई घेऊन येते. माझी नणंद, माझी मावशी, शेजारची अमकी, तिला पण असंच, मग असं झालं, मग तसं. आणि चहा पिऊन जाताना म्हणते, "पण तुमचं बरं हुईल बगा." समोरच्या काकूंनी अक्कलकोटहून कुणाचातरी पाल्याचा लेप आणला, हिरवा, भयंकर वासाचा. लावला मी दोन दिवस, कारण नाही म्हणायची ताकद नव्हती. चामडी सोलली. पोरीला त्या वासानं शिंका यायला लागल्या तेव्हा धुऊन टाकला. दमले मी, अव्वा. गाठीनं नाही दमले, गाठ बिचारी गप आहे. माणसांनी दमवलं.

धाकटीला वाटलं मी लिंगामुळं नको म्हणते. कारण ऑपरेशनला अंगावर धागा ठेवायचा नाही, नर्सबाई म्हणाली होती, सगळं उतरवून यायचं. आणि तिला ती गोष्ट मीच सांगितलेली, पोहायची. तुला आठवते? उन्हाळा होता, आम्ही मुली मळ्यातल्या विहिरीत उतरलो होतो, ओला दोरा गळ्याला काचायचा म्हणून मी लिंग काढून काठावरच्या बाभळीला अडकवलं. तू पाणी न्यायला आलीस. मारलं नाहीस. घरी आणलंस, चुलीतली लाकडं ओढून काढलीस, आणि म्हणालीस, अय्या येऊन परत बांधेपर्यंत कुणी जेवायचं नाही. अय्या गेले होते दुधनीला. संध्याकाळ झाली. अप्पा पण उपाशी, तू पण उपाशी, आणि कडक भाकरीच्या चळतीकडं बघत मी बसलेली. "श्वास हाय तवर अंगावरनं उतरवायचं न्हाई," एवढंच तू पुन्हा पुन्हा म्हणत होतीस, रागानं नाही, भ्यालेल्या माणसासारखी.

तर तुझ्या जावयांनी मठातल्या अय्यांना घरी आणलं. ते बसले, ताक प्याले आणि म्हणाले, "दंडाला बांधा. अंगावर असल्याशी मतलब. गळ्यातच पायजे असं कुणी सांगितलं?" डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, उजव्या दंडाला बांधा, वरनं पट्टी गुंडाळू, मला काही अडचण नाही. झालं. ते पण सुटलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, जसं आता हिनं हो म्हणायला हरकत नाही. पण मी कुठं लिंगासाठी नको म्हणत होते? मला राग आला, की माझ्या नकाराचं कारण पण ह्यांनीच ठरवायचं आणि ह्यांनीच मिटवायचं. मी म्हटलं, "माझं सगळं झालंय, म्हणलं ना एकदा!" आणि बाळंतिणीच्या शेगडीत धुरीचा ओवा टाकायला उठले.

मग दोन दिवसांनी तुझे जावई दुकानातनं लवकर आले. माझ्यासमोर बसले. हा माणूस असा समोर बसत नाही, अव्वा, हा येतो, जेवतो आणि पडतो. म्हणाले, "मी इचार केला. तुझं म्हणणं खरं हाय. सगळं झालंय तुझं. नसंल करायचं तर ऱ्हाऊ दे. मी डॉक्टरला सांगून येतो. पोरीला पण मी समजावतो."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझं ऐकलं. आणि मला असा संताप आला, असा संताप! मी भाकरी थापत होते. ती भाकरी मी इतकी थापली की परातीला चिकटली. जेवायला वाढलं, बोलले नाही. रात्री बोलले नाही. सकाळी अंघोळीचं पाणी काढलं, बोलले नाही. ते बिचारे गोंधळले. धाकटीला म्हणाले, "तिच्या मनासारखं केलं तरी हिचं तोंड वाकडं. काय करावं माणसानं?" मी आतनं ऐकत होते. मला पण कळत नव्हतं काय करावं माणसानं. भांडा म्हणावं? नको म्हणाले तर ओढून न्या म्हणावं? 'ऱ्हाऊ दे' म्हणाले! जशी काय दुकानात मागं पडलेली पोती, नसेल खपत तर ऱ्हाऊ दे.

त्याच दिवशी दुपारी गल्लीत ती टाकीवाली आली. "पाट्या-वरवंट्याला टाकीऽऽ" करत. आमचा पाटा पार गुळगुळीत झालाय, चटणी वाटली जात नाही, नुसती सरकते. शेंगाची चटणी कुटून होते, पण लसूण-खोबऱ्याला पाटाच पाहिजे, धाकटीला पण बाळंतपणात तीच लागते. मी हाक मारली. ती बसली अंगणात, छिन्नी आणि हातोडी घेऊन, टक् टक् टक्, आणि मी पोरीला मांडीवर घेऊन शेजारी बसले. मी तिला म्हणत होते, "अगं, हितं अजून खोल घाल. कड सोडू नको. मागल्या टायमाला वरवर केलंस, वरीसभर पण टिकलं न्हाई." ती म्हणाली, "आजी, ह्या टायमाला अशी घालते, तीन वर्सं बघायला नको." मी म्हटलं, "घाल तर मग." पोर टक् टक् ऐकून डोळे मिचकावत होती, प्रत्येक ठोक्याला एकदा. त्यात मी रमून गेले.

तुझे जावई जेवायला आले तेव्हा अंगणात दगडाची पांढरी भुकटी पडली होती आणि मी पाटा धूत होते. ते उंबऱ्यात थांबले. पाट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"तुझं सगळं झालंय ना?"

मी पाट्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

"मग पाट्याला टाकी कशाला लावून घेतलीस?"

 धाकटी आतनं आली, तिला वाटलं भांडण झालं. ते म्हणाले, "न्हाई, खरंच इचारतो. कोण वाटणार हाय ह्याच्यावर?" मी म्हटलं, "मी वाटणार. दुसरं कोण? तुमची आई?" त्यांची आई जाऊन युग झालं. ते हसायला लागले. ते हसत हसत तिथंच उंबऱ्यावर बसले आणि मग हसता हसता त्यांचा चेहरा कसातरीच झाला, त्यांनी खांद्यावरचा पंचा तोंडाला लावला. मी पाटा धूत राहिले. बराच वेळ धुतला. स्वच्छ कधीच झाला होता.

संध्याकाळी आम्ही दोघं रिक्षानं डॉक्टरांकडं गेलो आणि मी सांगितलं, करा. आख्खं करा, आणि मिरजेला पण जाते. डॉक्टर म्हणाले, "अम्मा, काय झालं, नातीनं सांगितलं का?" मी म्हटलं, "व्हय, नातवंडांसाठी करते." त्यांना बरं वाटलं. रिक्षात ह्यांनी माझा हात धरला होता, डावा. भर रस्त्यात, माणसं बघत असताना. मी सोडवून नाही घेतला.

उद्या सकाळी भरती व्हायचंय. आज पोरीला अंघोळ धाकटीनं घातली, मी शेजारी पाटावर बसून. काय सांगू, अव्वा, हाताला काही वळण नाही! पाणी नाकावर ओतलं, पोर किंचाळली, आजवर कधी रडली नव्हती ती. मी म्हटलं, "अगं, अंगठा! कानाखाली अंगठा!" ती म्हणाली, "आई, तू बोललीस की मला जास्त भ्या वाटतं, तू जा बघू आत." मी आत गेले. आतनं ऐकत बसले. रडणं चालू होतं, मग तांब्या हंड्याला वाजला, मग रडणं कमी झालं. मी भिंतीला टेकून डोळे मिटले, आणि लागलीच झोप लागली मला. दिवसाढवळ्या. इतकी दमलेय मी. किती दिवसांत अशी झोप आली नव्हती.

आता पोर निजलीय, धाकटी निजलीय, आणि मी हे कागद भरतेय. पोस्टात काय टाकणार, तुझा पत्ता मैंदर्गीच्या माळावर. कागद दुकानात परत गेले तर ह्यांत कुणीतरी सुतळीचा गुंडा गुंडाळेल. इथंच कुठंतरी ठेवीन.

पण एक सांगायचं राहिलं. डॉक्टरांना मी नातवंडांसाठी म्हणाले, धाकटीला 'तुझ्यासाठी' म्हणाले, अय्यांना म्हणाले देवाची इच्छा. खोटं नाही ते. पण नातवंडं नसती तरी मी हो म्हणालेच असते. उद्या उरावरची एक बाजू जाईल, हात सुजेल, मिरजेच्या त्या यंत्राखाली चामडी काळी पडेल, तरीही डॉक्टर खात्री देत नाहीत, आणि मी इतकी थकलेय की उभी राहिले तर बसावंसं वाटतं. तरी मला राहायचंय. कुणासाठी नाही. नुसतंच. सगळं बघून झालेल्या बाईला असं वाटावं ह्याची मला लाज वाटते, आणि तुझी तर फारच वाटते. तू गेलीस तेव्हा आता मी आहे त्याहून लहान होतीस, ताप अंगावर काढलास, कुणाकडं काही मागितलं नाहीस. मी मागितलं, अव्वा.